सुपडू आबा दुकान बघतात

रंगीत माशांच्या दुकानात सुपडू आबा कधी थेट शिरत नसत. आधी पायरीच्या खाली उभे राहत, हात पाठीमागे धरून. दुकानदाराला वाटे, म्हातारा कुणाची तरी वाट बघतोय. पाच-दहा मिनिटांनी आत येत, तेही माशांकडे न बघता. मधोमध उभे राहून एक मोठा श्वास घेत. ओल्या वाळूचा, शेवाळाचा वास आला तर पुढे सरकत. कुजका वास आला की "चला मॅडम" एवढंच म्हणून बाहेर पडत. मग मलाही लगबगीनं त्यांच्या मागे जावं लागे, आणि दुकानदार आमच्या पाठीकडे बघत राही.

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा आबा आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. उंच, वाळके, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कारण हात सतत पाण्यात. प्रयोगशाळेच्या एका भिंतीला सहा फुटी काचेची टाकी होती. कागदोपत्री ती विभागाची होती, पण तिच्यात आबांच्या परवानगीशिवाय कुणी बोटही बुडवत नसे, विभागप्रमुखसुद्धा.

हे मला माहीत नव्हतं. रुजू झाल्यावर पंधरा दिवसांत मी उत्साहानं बाजारातून आठ मासे आणले, केशरी, झुपकेदार शेपटांचे. पिशवी घेऊन टाकीपाशी गेले तर आबा मध्ये उभे राहिले.

"ह्या टाकीत नाही जायचे."

"का?"

"पंधरा दिवस वेगळे राहतील. मग बघू."

त्यांनी एक जुनं काचेचं भांडं काढलं, त्यात साठवणीचं पाणी भरलं, माझी पिशवी न उघडता त्यावर तरंगत ठेवली आणि अर्ध्या तासानं मासे सोडले. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवसापर्यंत आठातले सहा मेले. आबा रोज सकाळी मेलेला मासा काढून माझ्या टेबलाजवळ बशीत ठेवायचे, ओल्या कापसावर, एवढंच. ती बशी बघण्यापेक्षा त्यांनी बोललेलं बरं, असं मला वाटायचं.

रविवारी ते म्हणाले, "कुठून घेतले ते दाखवा."

मी त्यांना त्या दुकानात घेऊन गेले. ज्या टाकीतून मी मासे घेतले होते, तिच्यासमोर त्यांनी मला उभं केलं आणि काय दिसतं ते सांगा म्हणाले. मासे दिसतात, मी म्हणाले. "कसे?" मग त्यांनी हलक्या आवाजात दाखवायला सुरुवात केली. तो बघा, कोपऱ्यात तोंड करून एकटा उभा आहे. त्याचे पंख बघा, अंगाला चिकटलेत, उघडत नाहीत. ते तीन वर येऊन तोंड वासतात, म्हणजे त्यांना श्वास पुरत नाही. खाली फिल्टरच्या मागे बघा. मी वाकून बघितलं. तिथे एक मेलेला मासा होता, अर्धा खाल्लेला. मी चार दिवसांपूर्वी इथेच उभी राहून "हे द्या, ते द्या" म्हणाले होते, आणि मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

निघताना आबांनी दुकानदाराला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. "भाऊ, या आठवड्यात मेले किती?"

"आपल्याकडे एकही मरत नाही, आबा."

आबांनी मान हलवली आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर ते म्हणाले, "माणसं मरतात दवाखान्यात, मासे कसे मरणार नाहीत? जो सांगतो एकही मेला नाही, त्याच्याकडून घेऊ नका. जो सांगतो कालच्या मालातले चार गेले, ती टाकी विकायची नाही, त्याच्याकडून डोळे मिटून घ्या." असा दुकानदार धुळ्यात त्यांना एकच सापडला होता. त्याच्याकडे प्रत्येक टाकीला मासे पकडायची वेगळी जाळी असे आणि मागितलं तर तो माशांना खाऊ घालून दाखवी. आबा मात्र त्याच्याकडेही डोळे मिटून घेत नसत.

आबांशी आमचे सर आणि प्राध्यापक बोलत ते पुस्तकी मराठीत, आणि आबाही तसंच उत्तर देत. पण जीव टांगणीला लागला की त्यांची अहिराणी वर यायची. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, आमच्या घरी अहिराणी नव्हती. पण आबांच्या तोंडून 'आहे'ऐवजी "शे" आणि 'सगळा'ऐवजी "बठ्ठा" यायला लागलं की काहीतरी बिनसलंय, हे मी ओळखायला शिकले.

ते एवढे कडक का झाले, हे मला ग्रंथपालांनी सांगितलं. माझ्या आधी कधीतरी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. टाकी भरलेली दिसावी म्हणून तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी आदल्या दिवशी पन्नास मासे आणवले आणि थेट टाकीत सोडायला सांगितले. आबांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सर ओरडले, तेव्हा सोडले. समिती खूश होऊन गेली. आठवड्यात टाकीतल्या सगळ्या माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके उठले. मासे वाळूवर, काचेवर अंग घासत फिरायला लागले. आबांनी औषधं टाकली, पाणी बदललं, दोन दिवस घरी गेले नाहीत. टाकीत अकरा वर्षांची एक मादी होती, ती आबांच्या बोटातून खायची. ती सगळ्यात शेवटी गेली. ग्रंथपाल म्हणाले, "सरांवर एकदाही चिडले नाहीत. मला म्हणाले, सोडले तर मीच ना."

निवृत्त झाल्यावरही आबा आठवड्यातून दोनदा टाकी बघायला येत. त्यांचा मुलगा गोकुळ तेव्हा जळगावला एका पाईपच्या कारखान्यात होता. आठ वर्षं नोकरी केल्यावर त्यानं ती सोडली आणि तिथेच रंगीत माशांचं दुकान काढलं. लहानपणी तो शाळा सुटल्यावर आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा, त्यामुळे हा धंदा त्याला सुचणं साहजिक होतं. मला आनंद झाला. विभागाला नवे मासे घ्यायचेच होते. मी म्हटलं, "आबा, या वेळी गोकुळकडूनच घेऊ."

आबा म्हणाले, "आधी बघू."

दुकान उघडल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आबांच्या मांडीवर मासे आणायचा झाकणाचा डबा होता. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आबा खिडकीबाहेर बघत होते. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. ते हं म्हणायचे. माझ्या लक्षात यायला लागलं, की मी एका मुलाला त्याच्या बापासमोर परीक्षेला बसवायला चालले आहे.

आबा पायरीखाली उभे राहिले. इतर कुठल्याही दुकानासमोर उभे राहत तसेच. आतून गोकुळनं बघितलं, हसला, हात केला. आबा हलले नाहीत. गोकुळचं हसू हळूहळू मावळलं. त्यालाही ते उभं राहणं लहानपणापासून माहीत होतं.

दुकान देखणं होतं. तिन्ही भिंतींना टाक्या, सगळ्या टाक्यांवर निळे दिवे, त्या उजेडात मासे दागिन्यांसारखे चमकत होते. सगळ्या टाक्यांना एकच पाईपलाईन होती. पाणी एका टाकीतून दुसरीत, शेवटी मोठ्या फिल्टरमध्ये आणि पुन्हा वर. गोकुळनं ती स्वतः जोडली होती. तो मला सांधे दाखवत होता, एक थेंब गळत नाही म्हणून सांगत होता. आत गिऱ्हाईकही होतं. रावेरकडचं केळीवालं कुटुंब, नवरा-बायको आणि आजी. जळगावात नवीन घर बांधलं होतं आणि दिवाणखान्यासाठी मोठी टाकी घेतली होती. आता मासे निवडणं चाललं होतं.

आबा आत आले. श्वास घेतला. एकेका टाकीसमोर काचेला नाक लागेल इतकं वाकून बघत पुढे सरकत गेले. मला ते विचित्र वाटलं. पूर्वी ते हातभर लांबून बघत.

"गोकुळ, किती मरनात?" त्यांनी विचारलं.

गोकुळनं गिऱ्हाइकाकडे बघितलं. "एखाद-दुसरा, आबा. नवीन माल आहे."

"खावाले टाक."

गोकुळनं चिमूटभर दाणे टाकले. काही टाक्यांत मासे झेपावले. दोन टाक्यांत दाणे तसेच तरंगत राहिले. गोकुळ म्हणाला, सकाळीच खाल्लंय त्यांनी. केळीवाल्यांची बायको आबांकडे बघायला लागली होती.

"निळा दिवा बंद कर."

"आबा, गिऱ्हाईक शे."

"बंद कर."

गोकुळ बटणाजवळ गेला. त्याचा हात तिथे थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं निळे दिवे घालवले आणि साधी ट्यूबलाईट लावली. पांढऱ्या उजेडात सगळं दुकान एकदम फिकं झालं. आबा ज्या टाकीसमोर उभे होते, तिथल्या चपट्या रुपेरी माशांच्या पंखांवर पांढरे ठिपके होते. फार नाहीत. तीन-चार माशांवर. त्याच टाकीतले सहा मासे केळीवाल्यांनी निवडले होते.

आबा त्यांच्याकडे वळले. "भाऊ, आज नका घेऊ. इथलं एकही नका घेऊ. एकच पाणी बठ्ठा टाक्यात फिरतंय."

नवऱ्यानं गोकुळकडे बघितलं, आजीनं सुनेचा हात धरला, आणि ते तिघं बाहेर गेले.

गोकुळचा आवाज चढला नाही. तो हळू बोलला, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुमचे डोळे गेलेत, आबा. काचेला नाक लावून बघता. काचेवरचे डाग दिसले तुम्हाला. आणि आला कशाला होतात? बाहेरच्या माणसाचं दुकान असतं तर नुसते निघून गेला असतात. माझंच मोडलंत."

आबांनी डबा उचलला. मी गोकुळला काहीतरी म्हणाले, काय ते आठवत नाही. तो पाठ करून पाईपच्या सांध्यावरून हात फिरवत उभा होता.

परतीच्या बसमध्ये रिकामा डबा मांडीवर घेऊन आबा बसले होते. पारोळ्याला बस थांबली, माणसं चढली-उतरली, आणि मग ते म्हणाले, "त्याला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "ठिपके होते, आबा. मी बघितले."

"व्हते ना?" ते पटकन म्हणाले. मग खिडकीकडे वळले. त्यांनी मला हे का विचारलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

बारा दिवसांत गोकुळच्या दुकानातले जवळजवळ सगळे मासे गेले. हे मला त्याच्या बायकोकडून फोनवर समजलं. मी आबांना सांगितलं, तेव्हा ते प्रयोगशाळेतली टाकी पुसत होते. पुसत राहिले. बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. गोकुळ दिवाळीलाही धुळ्याला आला नाही. आबा त्याचं नाव काढत नसत. फक्त एकदा विचारलं, "दुकान चालू शे का बंद केलं?" मी चालू आहे म्हटल्यावर मान हलवली.

त्याच हिवाळ्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे त्यांनीच एक दिवस येऊन सांगितलं, की मॅडम, टाकीतले मासे मोजता येत नाहीत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जपायची. बाहेर बाकावर बसून आबांनी विचारलं, "कोणाला सांगणार नाही ना?" कोणाला म्हणजे कोणाला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

फाल्गुनात गोकुळचा मला फोन आला. त्यानं एकच पाणी फिरवणारी पाईपलाईन कापून टाकली होती. आता प्रत्येक टाकीचं पाणी वेगळं, जाळी वेगळी. नवा माल आला की पंधरा दिवस पडद्यामागच्या टाकीत ठेवत होता. "मॅडम, एकदा बघून जा. आबांना मी बोलावलं म्हणून सांगू नका."

मी आबांना जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून घरात गेले आणि धुतलेला शर्ट घालून बाहेर आले.

या वेळी आबा पायरीखाली थांबले नाहीत. माझ्या खांद्याला हात लावून सरळ आत आले. निळे दिवे नव्हते. गोकुळनं स्टूल पुढे केलं, आबा बसले. दोघांपैकी कुणी पहिल्यांदा बोलायचं, हे ठरत नव्हतं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. हायवेवर नवीन हॉटेल निघालं होतं, त्याचा व्यवस्थापक. संध्याकाळी उद्घाटन, दाराशी मोठी टाकी, तिच्यात सोडायला तीस मासे हवे होते, आत्ताच. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि पडदा बाजूला केला. तिथे केशरी-पांढऱ्या माशांची एक सुरेख टाकी होती.

"हे द्या."

"ते नवीन आहेत, साहेब. नववा दिवस आहे. अजून सहा दिवस राहायचेत."

"चांगले तर दिसतात."

खरंच चांगले दिसत होते. मीही वाकून बघितलं. पंख मोकळे, रंग सतेज, काच पुसलेली. व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाला, "आज दिले तर दर महिन्याला टाकी सांभाळायचं कामही तुम्हालाच. नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल." गोकुळच्या हातात जाळी होती. एवढं काम त्याला दुकान उघडल्यापासून कुणी देऊ केलं नव्हतं. तो आबांकडे वळला. पाच महिन्यांनंतर आबांशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

"आबा, तुमी देखा. देऊ का नको?"

आबा स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी टाकीच्या दिशेनं तोंड वळवलं, पण ते टाकीच्या जरासं डावीकडे, भिंतीकडे वळलं होतं. मला ते दिसलं. गोकुळलाही दिसलं.

"माले दिखत नही, गोकुळ," आबा म्हणाले. "तू सांग."

गोकुळ तसाच उभा राहिला. जाळीतून पाणी त्याच्या पायावर गळत होतं. व्यवस्थापकानं काय झालं म्हणून माझ्याकडे बघितलं. मग गोकुळ टाकीसमोर उकिडवा बसला आणि बघायला लागला. पाच मिनिटं तरी तो बघत होता. त्याला काही सापडावं असं मला वाटत होतं, एखादा ठिपका, एखादा कोपऱ्यातला मासा, म्हणजे नाही म्हणायला कारण मिळालं असतं. काही सापडलं नाही. तो उठला.

"मासे चांगले आहेत, साहेब. पण आज देणार नाही. सहा दिवसांनी या."

व्यवस्थापक हसला, फोन कानाला लावत बाहेर गेला, आणि पुन्हा आला नाही. हॉटेलच्या टाकीचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

गोकुळनं जाळी खुंटीला अडकवली. आबांसमोर जमिनीवर बसला. "कधीपासून?"

"तुना दुकानमा पहिल्यांदा उनू त्याच्या आधीपासून."

"मग ठिपके?"

"वाकून थोडे दिसले. दिवा घालवल्यावर. तू म्हणालास काचेवरचे डाग, तर मला पण वाटलं तसंच असेल. मॅडमला विचारलं मी."

गोकुळ खाली बघत राहिला. आबा म्हणाले, "तुला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं," आणि गोकुळ म्हणाला, "जाऊ द्या आबा." एवढंच त्यांच्यात झालं. मी चहा सांगते म्हणून बाहेर गेले आणि जरा उशिरा परत आले.

सहा दिवसांनी गोकुळचा फोन आला. त्या टाकीतला एकही मासा आजारी पडला नव्हता. सगळे ठणठणीत होते. त्यानं हे जरा कडवटपणे सांगितलं. हॉटेलचं काम हातचं गेलंच होतं. मी आबांना सांगितलं, "दिले असते तरी काही झालं नसतं, आबा."

"मग चांगलंच झालं ना," आबा म्हणाले. "मासे जगले." यापलीकडे त्यांना त्यात काही दिसत नव्हतं.

पुढे आबा जळगावलाच राहायला गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं त्याला आता दीड वर्ष झालं. विद्यापीठाच्या पेपर तपासणीला गेले होते, दुपारी मोकळी झाले आणि दुकानात डोकावले. गिऱ्हाइकी बरी होती. आबा स्टुलावर होते, नजर पूर्ण गेलेली. त्यांनी माझा आवाज ओळखला, विभागातल्या टाकीची चौकशी केली, पाणी किती दिवसांनी बदलता ते विचारलं आणि माझं उत्तर त्यांना पसंत पडलं नाही.

मी निघाले तेव्हा आबा आणि गोकुळही समोरच्या टपरीवर चहाला निघाले होते. मी रिक्षात बसले आणि मागे वळून बघितलं. रस्ता वाहता होता, दुचाकी दोन्ही बाजूंनी येत होत्या. ते दुभाजकापर्यंत आले. गाड्यांचा आवाज क्षणभर विरळ झाला, आबांना वाटलं रस्ता मोकळा आहे, त्यांनी पाय पुढे टाकला. गोकुळनं त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "थांबा आबा." रिक्षातही मला ते ऐकू आलं. आबांनी उचललेला पाय मागे घेतला आणि ते थांबले. मान किंचित खाली, तोंड गोकुळकडे वळवलेलं, तो निघा म्हणेपर्यंत.